गव्हाणीत उरलेलं

सर,

गेल्या आठवड्यात सोनईला सभा होती आणि तिथं मी तुमच्याविषयी बोललो. तसा मी वर्षानुवर्षं बोलत आलो आहे, गावोगावी, तुमचं नाव न घेता. "आमच्या मेंढ्यांच्या केंद्रावर एक मोठे शास्त्रज्ञ होते," अशी सुरुवात करतो. मग एक गरीब राखणदार मेंढ्यांच्या खाण्यात चूक करतो, शास्त्रज्ञ त्याला कामावरून काढायला निघतात, आणि एक तरुण पोरगा उभा राहून त्यांना असा एक प्रश्न विचारतो की ते मान खाली घालतात. तो पोरगा म्हणजे मी. या जागी टाळ्या पडतात. सोनईलाही पडल्या. सतरंज्या गोळा होत असताना पांढऱ्या केसांच्या एक बाई मंचाशी आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही आमच्या बाबांचीच गोष्ट सांगितलीत ना?" ती तुमची मुलगी होती. क्वार्टरच्या पायरीवर बसून, कोकराला मांडीवर घेऊन पाढे म्हणणारी परकरातली पोर मला आठवत होती. या बाईंना मी ओळखलं नाही. मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, "बाबा असे वागले असतील, हे मला माहीत नव्हतं." रागानं नाही म्हणाल्या. चष्मा काढून पदराला पुसला आणि पुन्हा लावला. मी म्हणालो, "ताई, काळच तसा होता," आणि गाडीत जाऊन बसलो. हजारोंपुढे ज्याला कधी शब्द कमी पडला नाही त्याला त्या घटकेला एवढंच सुचलं, आणि तेही खोटं होतं. काळ तसा होता, पण तुम्ही तसे नव्हता.

घडलं ते तुम्हाला माहीतच आहे. तरी मला ते एकदा क्रमानं, न सजवता लिहायचं आहे. भाषणात ते मला जमत नाही, हे आता कळून चुकलं आहे.

देवळालीच्या पुढं जिथं कालव्याचं पाणी संपतं आणि ऊस एकदम थांबतो, त्या माळावर आपलं केंद्र होतं. पत्र्याची लांबच लांब शेड, तिच्यात लाकडी पट्ट्यांचे कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक कोकरू आणि त्याची स्वतंत्र गव्हाण. मी शेतकीची पदवी घेऊन आलो होतो, पण पदवीपेक्षा माझ्या डोक्यात पुस्तकं जास्त होती. क्रांत्यांचे इतिहास, तुरुंगातून लिहिलेली पत्रं, भूक या विषयावर जगात जे काही छापलं गेलं असेल आणि आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत आलं असेल ते सगळं मी वाचलं होतं. तुम्ही पहिल्या दिवशी माझ्या हातात एक ताणकाटा दिलात, एक लांब वही दिलीत आणि काम सांगितलंत. संध्याकाळी प्रत्येक गव्हाणीत कडब्याची कुट्टी आणि पेंडीचा भरडा वजन करून टाकायचा. सकाळी जे उरेल ते वजन करून काढायचं. टाकलेल्यातून उरलेलं वजा केलं की कोकरानं काय खाल्लं ते कळतं. दर आठवड्याला उपाशीपोटी कोकराचं वजन घ्यायचं. बस्स. मला वाटलं, यासाठी का मी एवढं वाचलं?

हे कशासाठी, ते तुम्ही मला तुमच्या स्वयंपाकघरात समजावलंत. तुमच्या घरच्या बाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या आणि आपण दोघं पाटावर होतो. तुम्ही म्हणालात, हा पोरगा तीन भाकऱ्या खातो आणि काडीसारखा आहे, मी दीड खातो आणि माझं पोट सुटलंय. या दोघांतला कळपात ठेवण्याजोगा मेंढा कोणता? बाई तव्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "मेंढे तर दोघंही आहात." तुम्ही इतके हसलात की तुम्हाला ठसका लागला. मग पाणी पिऊन शांतपणे सांगितलंत. एकाच वयाची, एकाच वजनाची दोन कोकरं घे. दोन्ही महिन्याला सारखीच वाढली, पण एकानं वाढताना कमी खाल्लं. आता हे कमी खाणं त्याच्या रक्तात आहे का, बापाकडून उतरलंय का, की नुसता योगायोग? ते कळायचं तर एका बापाची पुष्कळ पोरं मोजली पाहिजेत, आणि रोज मोजली पाहिजेत. मेंढपाळ आजवर मोठं दिसणारं कोकरू निवडत आला. पण मोठं कोकरू बहुधा खातंही मोठं, आणि ज्या साली माळावर काडी नसते त्या साली तेच आधी मरतं. मी विचारलं, किती दिवस लागतील याला? तुम्ही म्हणालात, माझी नोकरी पुरली तर बरं.

या सगळ्या कोकरांचे बाप म्हणजे पाच नर होते. त्यांतला एक तोंडानं काळा, अंगानं भरदार. त्याला सगळे काळतोंड्या म्हणत. त्याची पोरंही दांडगी आणि बोंबलणारी. शेडमध्ये पाय टाकला की पहिला आवाज त्यांचा.

आणि तात्या. केंद्रावरचे राखणदार, जातीचे धनगर, साठीच्या पुढचे. स्वतःचा कळप भावाच्या हवाली करून ते रोजंदारीवर आले होते आणि शेडच्या टोकाला घोंगडं टाकून राहत होते. दुपारची भाकरी मी त्यांच्याच हातची खायचो. मला ते नावानं कधी हाक मारत नसत, 'पुढारी' म्हणत. "पुढारी, तुमच्या काट्याला भाकरी लावू का, म्हंजी सरळ हुईल," असं काही तरी रोज चालायचं. मला ते आवडत. शोषित माणूस म्हणून आवडत, असं मी तेव्हा माझ्या वहीत लिहिलं होतं. त्यांना त्यातलं काहीही मी कधी वाचून दाखवलं नाही.

मग बहात्तर साल आलं. पाऊस गेला तो गेलाच. कालव्याची माती फुटली. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला बसली, दुपारी वाटपाची सुकडी आणि घरी परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी. आपल्या केंद्राला चारा मिळत होता, पण मापून. आधी आपण प्रत्येक कोकराला लागेल त्याहून थोडं जास्त टाकत असू, म्हणजे प्रत्येकाचं उरेल आणि कोणी किती खाल्लं ते चोख कळेल. आता ते जास्तीचं टाकणं परवडेना. खादाड कोकरांच्या गव्हाणी पहाटेच रिकाम्या होऊ लागल्या. मी तुम्हाला म्हणालो होतो, आठवतं? माणसं सुकडीवर जगतायत, सर, आणि आपण मेंढ्यांचे घास मोजतोय, हे मला लाजिरवाणं वाटतं. तुम्ही म्हणालात, "वाटू दे. वाटत असतानाही नीट मोज."

मी संध्याकाळचं वजन उरकलं की सायकल काढून खडीच्या कामावर जायचो आणि दगडाच्या ढिगावर उभा राहून भुकेवर, वाटून खाण्यावर बोलायचो. माझं खरं शिक्षण तिथं झालं. थकलेली माणसं मान वर करून ऐकू लागली की अंगातून काय धावतं, ते ज्यानं अनुभवलं त्यालाच ठाऊक. सरकारी नोकरीतल्या पोरानं असं बोलू नये, हे तुम्ही मला सांगायला हवं होतं; तुम्ही सायकलला दिवा नाही एवढंच एकदा म्हणालात. तात्याही ऐकायला येत. मागं काठीवर हनुवटी टेकून उभे राहत.

त्याच दिवसांत तुमची वही फळाला आली. काळतोंड्याची पोरं इतरांइतकंच खाऊन सरस वाढत होती. आठवड्यामागून आठवडा तेच. दुष्काळाच्या तोंडावर असा नर सापडणं म्हणजे काय, हे तुमच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पुण्याहून समिती यायची होती. तिनं होकार दिला की काळतोंड्या आणि त्याचे मुलगे मेंढपाळांच्या कळपांत जाणार होते. यादीत पहिलं नाव तात्यांच्या भावाचं होतं. मात्र एकदा वहीचं पान उलटताना तुम्ही थबकलात आणि विचारलंत, "सगळ्या कप्प्यांत इतकं सारखं कसं उरतं रे?" मी म्हणालो, दुष्काळ आहे, सर, मेंढ्यांतही समता आली असेल. तुम्ही हसलात. "मेंढ्यांत समता इतक्या लवकर येत नाही. बघ जरा." मी बघितलं नाही. माझं वाक्य चांगलं झालं होतं आणि मी त्यातच खूष होतो.

समितीला आठच दिवस राहिले असतील. त्या दिवशी सकाळी खडीवर सभा होती म्हणून मी वजन लवकर उरकायला उजाडायच्या सुमारास शेडवर गेलो. तात्या सूप घेऊन कप्प्यांमधून चालले होते. ज्याच्या गव्हाणीत उरलं होतं तिथून ओंजळ ओंजळ काढून सुपात घेत होते आणि जे बोंबलत होतं त्याच्यापुढं टाकत होते. बोंबलणारी बहुतेक काळतोंड्याची. प्रत्येक गव्हाणीत शेवटी मूठभर ठेवत होते, सगळीकडं सारखं. मी विचारलं, तात्या, हे काय करताय? ते दचकलेसुद्धा नाहीत.

"ह्येच की, रोजचं. ह्या बयेला नको हाय, ती नुस्ती चघळत बसती. अन् त्यो बघा कसा वरडतोय. एकापुढं पडून राहावं अन् शेजारच्यानं उपाशी वरडावं, ह्ये बरं न्हाई, पुढारी."

मी म्हणालो, मग मूठभर का ठेवता?

"गव्हान पुसून न्यायची न्हाई. लक्ष्मी असती ती."

मी हातातली वही उघडून पाहिली. जे कमी खात होतं त्याचं उरलेलं नाहीसं होत होतं, म्हणून वहीत त्यानं सगळं खाल्लं असं लागत होतं. जे जास्त खात होतं त्याचं वरचं खाणं वहीत येतच नव्हतं. तेवढ्याच चाऱ्यावर सरस वाढणारी काळतोंड्याची पोरं मुळात सगळ्यांत जास्त खात होती. आपण सर्वांत खादाड नर निवडला होता आणि भर दुष्काळात तो तात्यांच्या भावाच्या कळपात धाडायला निघालो होतो.

त्या सकाळी मी सभेला गेलो नाही. शेडपासून तुमच्या खोलीपर्यंतच्या त्या थोड्याशा वाटेवर मी एक अख्खं भाषण तयार केलं. भुकेल्या जिवाला घास देणं हा गुन्हा असेल तर. ज्या शास्त्राला करुणा कळत नाही ते. एक म्हातारा, त्याची रोजंदारी, या वर्षी ती गेली तर त्याच्या घरात काय शिजेल. तुम्ही त्यांना काढाल, हे मी धरूनच चाललो होतो. मोठ्या लोकांनी काय करायचं असतं ते मी पुस्तकांत वाचलं होतं.

तुम्ही पहिली दोन वाक्यं ऐकलीत. मग हातानं थांबवलंत आणि वही मागितलीत. "कधीपासून?" मी म्हणालो, दोनेक महिने झाले असतील. तुम्ही पानं मागं मागं उलटत गेलात, सारखे आकडे जिथून सुरू होत होते तिथं बोट ठेवलंत. माझं भाषण दोन वाक्यांवरच राहिलं. मग तुम्ही मला विचारलंत, अगदी हलक्या आवाजात:

"आपण हे वजन कशासाठी करतो, हे तू तात्यांना कधी सांगितलं होतंस?"

मी म्हणालो, नाही.

"मीही नाही," तुम्ही म्हणालात. "वर्षभर त्यांच्याच शेडमध्ये वावरतोय आपण."

सर, एवढंच घडलं. तो प्रश्न तुमचा होता. मान खाली गेली ती माझी. खडीवरच्या शेकडो माणसांना मी जगाची रीत समजावून सांगत होतो आणि ज्याच्या हातची भाकरी खात होतो त्या एका माणसाला हातातला काटा कशाला आहे ते सांगितलं नव्हतं. तुम्ही लाल पेन्सिल घेतलीत आणि दोन महिन्यांच्या प्रत्येक पानावर एक एक तिरकी रेघ ओढलीत. पट्टी लावून ओढलीत. ते मला आजही दिसतं.

मग तुम्ही शेडवर गेलात, गव्हाणीच्या कडेवर तात्यांच्या शेजारी बसलात आणि त्यांना सगळं सांगितलंत. ओरडला नाहीत, चूक हा शब्दही काढला नाहीत. शेवटी म्हणालात, तात्या, तुमच्या भावाला मी लई खाणारा मेंढा देणार होतो. तात्या म्हणाले, "काळतोंड्याची समदी पोरं खादाड हायती सायेब. ह्ये मला इचारलं असतं तर पयल्या दिशीच सांगितलं असतं." तुम्ही विचारलंत, किती खादाड ते सांगता येईल? इतरांच्या दीडपट, का सव्वापट? तात्यांनी डोकं खाजवलं. "त्ये मातर तुमचा काटा सांगंल." त्या दिवसापासून त्यांनी गव्हाणींवर असा पहारा ठेवला की चिमणीला दाणा टिपू देईनात. माझ्या हातून वजन करताना चिमूटभर सांडलं तरी, "पुढारी, वहीत लिवा सांडलेलं," म्हणून मागं लागायचे.

समितीपुढं तुम्ही उभे राहिलात आणि म्हणालात, हे आकडे माझे आहेत आणि ते चुकीचे आहेत, पुन्हा सुरुवात करावी लागेल. तात्यांचं नाव नाही, माझं नाही. मी दाराशी उभा होतो. त्यांच्यातल्या एकानं विचारलं, अशा वर्षात एवढा चारा पुन्हा मागता? तुम्ही हो म्हणालात. त्यांनी नाही म्हटलं. महिन्याभरात कप्पे मोडले, कोकरं कळपात सोडली, आणि पुढच्या वर्षी तुमची बदली दुसरीकडं, कोंबड्यांवर झाली. कमी खाऊन तितकंच वाढणं बापाकडून उतरतं का, हे तुमच्या हातून कळायचं राहून गेलं. काळतोंड्या कुणाच्याही कळपात गेला नाही, एवढं मात्र झालं. पुढं दोन वर्षांनी तात्यांचा भाऊ मला बाजारात भेटला, त्याचा कळप निम्मा का होईना शिल्लक होता. ते तुमच्यामुळं असं मी म्हणणार नाही. एक खादाड नर आला असता तर काय झालं असतं हे कुणी मोजलेलं नाही. तुम्हीच शिकवलंत हे.

मी नोकरी सोडली तेव्हा तुम्ही मला तो ताणकाटा दिलात. उपदेश करायला ती योग्य वेळ होती, पण तुम्ही केला नाहीत. "जुना आहे, थोडा कमी दाखवतो, तेवढं धरून चाल," इतकंच म्हणालात. तो आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला आहे. बायको त्यावर रद्दी तोलते, कमी दाखवलेलं वरून धरते आणि रद्दीवाला तिच्याशी भांडतो.

खोटं कसं सुरू झालं, तेही सांगतो. पहिल्या वेळी मी गोष्ट जशीच्या तशी सांगितली होती. लोकांनी ऐकून घेतली, बस्स. तरुण पोरगा चुकतो आणि साहेब शहाणा निघतो, हे ऐकायला त्या गावातलं कुणी आलं नव्हतं. दुसऱ्या वेळी मी प्रश्न नुसता हवेत सोडला, कोणी विचारला ते सांगितलं नाही. तिसऱ्या वेळी तो माझ्या तोंडात होता. त्यानंतर तुम्हाला राग आणणं आणि तात्यांना दारापर्यंत हाकलणं काही अवघड गेलं नाही. ज्यासाठी बोलत होतो ते खरं होतं, आजही मी त्यातला एक शब्द मागं घेणार नाही. पण खऱ्या गोष्टीसाठी मी एका चांगल्या माणसाचं वजन कमी दाखवत राहिलो. तुम्ही गेल्याचं मला आठ दिवसांनी कळलं. त्या आठ दिवसांतही मी ही गोष्ट एकदा सांगितली होती.

काल ही गोष्ट मी घरी बायकोला खरी सांगून पाहिली, उभा राहून, सभेत सांगतो तशी. ती शेंगा फोडत होती. ऐकून म्हणाली, "ही बरी आहे. पण त्या आधीच्या गोष्टीत तुम्ही उंच दिसायचात." पुढच्या महिन्यात राहात्याला सभा आहे. तिथं मी हीच सांगणार आहे. टाळ्या पडायच्या जागी काय होईल ते माहीत नाही.

तुमच्या मुलीचा पत्ता मी सोनईच्या कार्यकर्त्यांकडून मिळवला आहे. त्यांना पत्र जाईल, उद्याच. प्रश्न कोणाचा होता, लाल रेघा कोणी ओढल्या, समितीपुढं कोण उभं राहिलं, सगळं त्यात असेल. पण ते पत्र वेगळं असेल, हे नव्हे. हे ताणकाट्याच्या खाली जो ड्रॉवर आहे त्यात राहील. कारण त्या पहाटे तात्या आणखी एक वाक्य बोलले होते आणि ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही "कधीपासून" विचारलंत तेव्हा दोनेक महिने असं मी मोघम म्हणालो, पण त्या एका वाक्यावरून मला दिवससुद्धा कळला होता. खडीवरचं माझं पहिलं भाषण झालं, त्याच्या दुसऱ्या पहाटेपासून. एकापुढं पडून राहावं अन् शेजारच्यानं उपाशी वरडावं, ह्ये बरं न्हाई, असं म्हणून तात्यांनी सूप खाली ठेवलं होतं आणि माझ्याकडं मोठ्या मायेनं पाहून ते म्हणाले होते, "तुमीच तर सांगितलं हुतं."